भातकापणीनंतरचा हंगाम : शहापूर-मुरबाडमधील हिवाळी स्काऊट मेळाव्यांची पार्श्वभूमी

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या दिनदर्शिकेत दोन दिवस ठळक आहेत. देशातील प्रमुख स्काऊट संस्थांचे एकत्रीकरण १९५० साली ७ नोव्हेंबरला झाले, म्हणून तो दिवस ध्वजदिन म्हणून पाळला जातो. आणि चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा असल्याने तो चिंतन दिन मानला जातो. या तारखा ठरल्या तेव्हा ठाणे जिल्ह्यातील शेतीचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तरीही शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत या दोन दिवसांमधल्या साडेतीन महिन्यांतच उघड्या माळावर निर्धास्तपणे तंबू ठोकता येतो, कारण त्याआधी खाचरांत भात उभे असते किंवा चिखल असतो आणि त्यानंतर ऊन चढून विहिरी तळाला जाऊ लागतात. स्काऊटांचे मेळावे, शिबिरे आणि मैदानी स्पर्धा येथे हिवाळ्यात भरण्याचे पहिले कारण असे साधे, पावसाचे आहे. मात्र याच साडेतीन महिन्यांत या तालुक्यांतील माणसे इतर कारणांनीही घराबाहेर पडत आली आहेत, आणि त्या जुन्या बाहेर पडण्यापासून स्काऊटांचे उपक्रम वेगळे काढले तर त्यांचा इतिहास केवळ शासकीय परिपत्रकांचा उरतो.

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याला लागून आहेत. शहापूर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही रेल्वे स्थानके याच तालुक्यातली, आणि कसाऱ्यापुढचा थळ घाट चढून लोहमार्ग १८६५ साली इगतपुरीला पोहोचला. मुरबाड तालुक्याला रेल्वेचा लाभ झाला नाही. कल्याणहून निघणारा रस्ता मुरबाड, टोकावडे असा जाऊन माळशेज घाटाने जुन्नरच्या मुलखात आणि पुढे अहिल्यानगरकडे जातो. कुणबी आणि आगरी शेतकऱ्यांबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी समाजांची वस्ती या भागात मोठी आहे. ब्रिटिश राजवटीतील १९३५ च्या कायद्यानंतर सर्वसाधारण कायदे जसेच्या तसे लागू न करता ज्यांच्या कारभाराची विशेष जबाबदारी गव्हर्नरकडे ठेवली गेली, अशा ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत शहापूर तालुक्याचा समावेश होता. तानसा, वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून मुंबईला पाणी जाते, आणि त्यातील तानसा धरण १८९२ सालापासून उभे आहे. तरी याच डोंगराळ भागातील पाड्यांवर मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते. हा विरोधाभास सर्वपरिचित असला तरी शिबिरांच्या संदर्भात त्याची नोंद घ्यावी लागते, कारण शे-दोनशे मुलांच्या शिबिराची जागा पाण्यावरून ठरते, आणि पाणी हमखास मिळते ते हिवाळ्यातच.

जंगलात वावरण्याचे कौशल्य हे या भागात शाळेने आणलेले नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहन काळातला व्यापारी मार्ग. माथ्यावरच्या लेण्यातील नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा समजला जाणारा दगडी रांजण यांमुळे तो इतिहासाच्या पुस्तकांत आला, पण घाट चालू राहिला तो ओझी वाहणाऱ्यांच्या आणि वाटा राखणाऱ्यांच्या पायांमुळे. शहापूरजवळचा माहुली किल्ला १६३६ साली शहाजीराजांच्या शरणागतीमुळे आणि १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो पुन्हा जिंकल्यामुळे प्रसिद्ध आहे. एवढ्या घडामोडींत पायथ्याच्या वाड्यांवरील वाटाड्यांचा वाटा काय होता हे बखरी सांगत नाहीत, परंतु माहुलीच्या सुळक्यांभोवतालचे दाट रान ज्याने पाहिले आहे त्याला त्यांच्याशिवाय गड चढता आला असेल असे वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ज्ञानाचे मोल सरकारदरबारी उलटे झाले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा परंपरागत व्यवसाय होता, तर भाताच्या रोपासाठी जमीन भाजून घेताना फांद्या आणि पाला तोडून आणणे, म्हणजेच राब करणे, ही सर्वच शेतकऱ्यांची गरज होती. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि यांतील बऱ्याच गोष्टी एकतर परवान्याच्या झाल्या किंवा गुन्हा ठरल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राब कोणी कोठून तोडावा हा त्या काळचा मोठा वाद होता. अशा रीतीने जंगलातून लाकूड आणणे, विस्तव पेटवणे, माग काढणे आणि रानातले खाणे ओळखणे या कामांकडे येथील वन खाते संशयाने पाहत होते, आणि त्यानंतर अवघ्या २०-२५ वर्षांत त्याच कामांना इंग्लंडमध्ये मुलांच्या चारित्र्यघडणीचे साधन म्हणून मान्यता मिळाली.

बेडन-पॉवेल १८७६ साली तरुण लष्करी अधिकारी म्हणून भारतात आले. टेहळणीच्या शिक्षणावरचे त्यांचे सैनिकी पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यात मुलांच्या एका दलाने निरोप पोहोचवण्याचे काम केले. ते पुस्तक शाळकरी मुले वाचू लागल्याचे कळल्यावर ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले, आणि १९०८ साली मुलांसाठी लिहिलेले पुस्तक पंधरवड्याच्या हप्त्यांनी बाहेर पडले. त्यातील कितीतरी सामग्री वसाहतींतल्या रानांतून उचललेली होती. ताटात ठेवलेल्या वस्तू क्षणभर पाहून आठवून सांगण्याचा खेळ रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ या कादंबरीवरून घेतला गेला. १९१६ साली लहान मुलांसाठी निघालेल्या शाखेला त्यांच्याच मोगलीच्या कथांचा साज चढवला गेला, आणि त्या कथांचे रान मध्य भारतातील शिवनीच्या परिसरातले. हे किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मलेले. स्काऊट शिक्षकांच्या प्रशिक्षणाची खूण असलेले ‘वुड बॅज’चे लाकडी मणीसुद्धा मुळात बेडन-पॉवेल यांनी झुलूलँडमधून आणलेल्या एका माळेतले होते. म्हणजे रानातल्या माणसांकडून निरीक्षण, माग, विस्तव आणि गाठी घेतल्या गेल्या, त्यांची इयत्तावार मांडणी झाली, आणि मग ती मांडणी गणवेश, शपथ व बिल्ल्यांसह पुन्हा त्याच देशांत पाठवली गेली. ही देवाणघेवाण प्रामाणिक नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे या मांडणीत कोठे राहिली नाहीत, हेही खरे.

भारतात पहिले पथक १९०९ साली बंगळूरला निघाले, परंतु आरंभीची पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना दार बंद असल्याने १९१३ पासून स्वतंत्र प्रयत्न सुरू झाले. उत्तरेत श्रीराम बाजपेयी आणि मध्य प्रांतात पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस हे त्यांतले अग्रणी. मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, तर अलाहाबादेत मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. बेडन-पॉवेल १९२१ साली भारतात आले तेव्हा काही संस्था एक झाल्या, मालवीयांची सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ हा राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षकांच्या वाटेतला काटा होता. पुढे १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या स्वभावाविषयी बेडन-पॉवेल यांनी केलेल्या शेऱ्यांमुळे नाराजी उसळली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. मराठीत या मुलांना ‘बालवीर’ आणि मुलींना ‘वीरबाला’ ही नावे रूढ झाली ती याच काळात. आज शाळांतून स्काऊट आणि गाईड हेच शब्द चालतात.

या सगळ्या घडामोडी मोठ्या शहरांतल्या. शहापूर-मुरबाडच्या हिवाळ्यांत त्या काळी जे सर्वांत महत्त्वाचे घडले त्याचा स्काऊट चळवळीशी कोणताही औपचारिक संबंध नव्हता, तरी या प्रदेशातील मैदानी जीवनाच्या इतिहासात ते टाळता येणार नाही. १९४२ च्या ऑगस्टनंतर माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडण्याचे काम हाती घेतले. पोलिसांचा पाठलाग वाढला तसा दस्ता मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात आला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तेथे घेरल्यावर झालेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भूमिगतांना रानात राहणे हिवाळ्यात सोपे जाते हे जितके खरे, तितकेच पाने झडलेल्या रानात लपणे अवघड होते हेही. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडावर अभिवादनासाठी जमतात. अंधारात रांगेने डोंगर चढणे, थंडीत उजाडण्याची वाट पाहणे आणि एकत्र उतरणे हा या भागातील सर्वांत अर्थपूर्ण हिवाळी सामूहिक उपक्रम होय. त्याला गुणपत्रिका नाही, म्हणून तो कोणत्याही स्पर्धेच्या यादीत येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चळवळीचे स्वरूप बदलले. १९५० च्या एकत्रीकरणानंतर १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटनाही त्यात सामील झाली आणि हृदयनाथ कुंझरू पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. आता पथक शाळेशी बांधले गेले: शिक्षकच स्काऊट मास्तर, तासिकेच्या वेळापत्रकातच त्याची जागा, आणि शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडेच जिल्हा संस्थेची पदे. त्यामुळे शहापूर-मुरबाडमध्ये स्काऊट पसरले ते माध्यमिक शाळांच्या मागोमाग, आणि माध्यमिक शाळा पसरल्या त्या रस्त्यांच्या मागोमाग. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला आणि कब-बुलबुल, म्हणजे लहान मुलामुलींच्या शाखा, पाड्यांवरील शाळांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. दुसरा प्रवाह आश्रमशाळांचा. मुलांनी शाळेतच राहून शिकावे अशा या निवासी शाळांची शासकीय योजना १९७२-७३ पासून आकाराला आली. पुढे आदिवासी उपयोजनेच्या काळात शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय झाले. आश्रमशाळांच्या प्रकल्प पातळीवरच्या आणि विभागीय क्रीडास्पर्धा हिवाळ्यातच होतात, आणि कबड्डी, खो-खो व धावण्याच्या शर्यती हे त्यांचे मुख्य अंग असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्याचा बहुतांश भाग तिकडे गेला, आणि उरलेल्या जिल्ह्यात ग्रामीण म्हणण्याजोगे जे राहिले त्याचे वजन प्रामुख्याने शहापूर व मुरबाड यांच्यावर आले.

महाराष्ट्रात जिल्हा मेळावा नावाने जे संमेलन भरते त्याची चौकट सगळीकडे जवळपास सारखी असते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि अशा काही संघांचे मिळून शाळेचे पथक. मैदानावर चुन्याने आखलेल्या चौकोनांत प्रत्येक पथकाला जागा मिळते आणि पहिला दिवस तंबू उभारण्यात जातो. तंबूभोवती पावसाच्या पाण्यासाठी चर खणायचा असतो; डिसेंबरात आभाळ निरभ्र असले तरी परीक्षक तो चर पाहतात, कारण नियमावली पाऊस बारमाही पडणाऱ्या देशात लिहिली गेली. काठ्या आणि सुतळी यांच्या बांधणीतून चपला ठेवण्याची घडवंची, भांड्यांची मांडणी, बादलीची तिकाटणी अशी उपयोगी साधने केली जातात, त्यांना ‘गॅजेट’ म्हणतात. बांबूच्या कमानीचे प्रवेशद्वार सजवले जाते आणि त्यावर पथकांत मोठी चुरस असते. यानंतर संचलन, ध्वजारोहण, शोभायात्रा. मग गाठींची स्पर्धा, त्रिकोणी पट्टीने हात गळ्यात बांधण्यापासून काठ्यांची डोली करण्यापर्यंत प्रथमोपचार, होकायंत्र वापरून दिशा काढणे, दगड-काटक्यांनी मांडलेल्या मागोव्याच्या खुणा वाचत लपवलेला निरोप शोधणे. रात्री शेकोटी. शेकोटी याचा अर्थ येथे नुसता जाळ असा नाही. तिचे उद्घाटन, गाणी, नकला, आरोळ्या आणि शेवटची प्रार्थना यांचा ठरलेला क्रम असतो आणि विस्तव मंदावत जाईल तसा कार्यक्रमही गंभीर होत जावा अशी अपेक्षा असते.

परीक्षांची उतरंडही या मेळाव्यांना जोडलेली आहे. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला गाठी, नकाशा, स्वयंपाक, रात्रमुक्काम आणि सेवेचे काही ना काही प्रमाण ठरलेले आहे, आणि ते पुरे झाल्याची सही बहुधा हिवाळ्यातल्या शिबिरातच मिळते. याच हंगामात राष्ट्रीय पातळीवरची जांबोरी, म्हणजे देशभरच्या पथकांचे महासंमेलन, भरण्याची प्रथा आहे. पहिली १९५३ साली हैदराबादला झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये राजस्थानात पालीजवळील रोहट येथे अठरावी झाली. शहापूर-मुरबाडच्या खेड्यातील मुलाला जांबोरीपर्यंत जायचे तर गणवेश, प्रवासभाडे आणि आठ-दहा दिवसांची सवड या तिन्ही गोष्टी घरातून मिळाव्या लागतात, आणि यांतली तिसरी बहुधा सर्वांत महाग असते.

हिवाळी मैदानी स्पर्धांची कल्पना पाश्चात्त्य स्काऊट जगतात वेगळ्याच पायावर उभी आहे. अमेरिकेत १९४९ पासून होत आलेल्या ‘क्लोंडाइक डर्बी’त प्रत्येक संघ आपली घसरगाडी बर्फावरून स्वतः ओढत एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठाण्यावर विस्तव पेटवणे, जखमीला हलवणे, दिशा काढणे अशी कामे करून गुण मिळवतो; हे नाव १८९० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेत सोन्यासाठी झालेल्या धावाधावीवरून पडले. तेथे थंडी हीच परीक्षा आहे, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी हिवाळा ही सवलत आहे. येथे अंगावर येणारा ऋतू पावसाळा. ओढे तुडुंब असताना शाळेला जाणे, साप-विंचवांत वावरणे, ओल्या लाकडाने चूल पेटवणे ही खरी कसोटीची कामे जून ते सप्टेंबरात असतात आणि त्यांचे बिल्ले नाहीत. माळावरच्या तंबूत पहाटे दव पडते, पायथ्याला गारठा बोचतो, पण एका सतरंजीने आणि दोन गोधड्यांनी भागते. कौशल्याची स्पर्धा घेण्यासाठी वर्षातला सर्वांत सोपा काळ निवडला गेला, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. कौशल्याच्या मोजमापाच्या दृष्टीने ती तशी आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

हा प्रश्न या दोन तालुक्यांत विशेष लागू पडतो, कारण येथे स्पर्धेतील कामे आणि घरची कामे पुष्कळदा एकच असतात. ‘बिनभांड्याचा स्वयंपाक’ हा मेळाव्यातला सर्वांत लोकप्रिय विषय घ्यावा. भांडे न वापरता पदार्थ शिजवायचा, म्हणून मुले निखाऱ्यांत वांगी, बटाटे आणि कांदे भाजतात, तापल्या दगडावर भाकरी टाकतात, पानांत गुंडाळून पीठ भाजतात. तांदळाच्या पिठाची पानगी पानांमध्ये भाजण्याची रीत ठाणे आणि रायगडच्या घरांत जुनीच आहे. रायगडात आणि लगतच्या भागात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा आणि पोपटी लावायची, हाही हिवाळ्याचाच खेळ, कारण भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा वाल तेव्हाच शेंगा धरतो. गाठींचेही तसेच. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन ही नावे मुले स्काऊटच्या तासाला पाठ करतात, आणि कारवीचा कूड बांधताना, बैलाला दावे लावताना, भाताचे भारे आवळताना त्यांची आई-वडिलांची पिढी ज्या गाठी मारते त्यांतल्या काही त्याच असतात, फक्त त्यांना इंग्रजी नाव नसते. परीक्षक नाव विचारतो, गाठ ओढून पाहतो आणि पुढे जातो. शहरातल्या मुलाला नाव येते. पाड्यावरच्या मुलाच्या हाताला गाठ येते, नाव येत नाही. नावाला गुण असतील तर निकाल कोणाकडे झुकेल हे सांगण्याची गरज नाही.

तरीही मेळाव्याने काही दिले नाही असे नाही. गाठ घरी वडिलांकडून येते, प्रथमोपचार येत नाही. सर्पदंशावर भगताकडे नेण्याऐवजी हातपाय स्थिर ठेवून तातडीने दवाखाना गाठावा, हे ज्ञान या दोन तालुक्यांत जीव वाचवणारे आहे. मुलींच्या दृष्टीने गाईड पथकाचे महत्त्व आणखी मोठे ठरते, कारण घराबाहेर, गावाबाहेर रात्र काढण्याची आणि इतर शाळांतील मुलींबरोबर समूहाने वावरण्याची समाजमान्य संधी या वयात दुसरीकडे सहसा मिळत नाही. शेकोटीच्या कार्यक्रमात ठाकूर मुलांचा कांबड नाच किंवा वारली मुलांचा तारप्याच्या तालावरचा नाच सादर झाला तर त्याला ‘सांस्कृतिक’ म्हणून टाळ्या मिळतात; या टाळ्या उदार असतात, आणि त्याच मुलांच्या माग काढण्याच्या ज्ञानाला मात्र त्या मिळत नाहीत. संघटनेने कधी तरी स्थानिक झाडे, पक्षी आणि वाटा यांवर आधारित स्पर्धा गुणांसह ठेवल्या, तर निकालांची क्रमवारी कशी बदलेल हे पाहण्यासारखे होईल.

मेळाव्याच्या मैदानाबाहेरचे उपक्रम अधिक विखुरलेले आहेत. ‘खरी कमाई’ हा त्यातला जुना. त्यात मुले लहानसहान कामे करून किंवा पदार्थ विकून पैसे मिळवतात आणि श्रमाची किंमत शिकतात, अशी त्यामागची कल्पना. ज्यांच्या घरी प्रत्येक हात कमावता आहे त्या मुलांना हा धडा कोणत्या सुरात द्यावा याचे तारतम्य अर्थातच शिक्षकाला राखावे लागते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सात दिवसांची श्रमसंस्कार शिबिरेही हिवाळ्यात खेड्यांत होऊ लागली, आणि शहरांतील महाविद्यालयांना शहापूर-मुरबाडची गावे रेल्वे व रस्ता यांमुळे जवळची पडली. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातलेला आडवा बांध, म्हणजे वनराई बंधारा, हे अशा शिबिरांचे आवडते काम. ओढ्याची धार पुरती आटण्यापूर्वीच तो घालावा लागतो, त्यामुळे येथेही पंचांग पावसाचेच चालते; पुढच्या पावसाळ्यात गोण्या वाहून जातात आणि हिवाळ्यात काम पुन्हा उभे राहते. टिकाऊपणाच्या निकषावर हा बंधारा दुबळा, पण वाल-भाजीपाल्याला आणि गुरांना दोन-तीन महिने पाणी देण्याइतका समर्थ.

सामूहिक हिवाळ्याचे सर्वांत मोठे रूप मात्र कोणत्याही संघटनेचे नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे; घोंगड्या, शेतीची अवजारे आणि संसाराची भांडी यांची खरेदी या यात्रेत करून ठेवण्याची अनेक कुटुंबांची रीत आहे. यात्रेत पाण्याची सोय, गर्दीचे नियंत्रण, हरवलेली मुले आणि प्रथमोपचार यांची गरज असते, आणि नेमकी हीच कामे भारतीय स्काऊटांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रयागसारख्या मेळ्यांतून अंगावर घेतली होती. बेडन-पॉवेल यांची चळवळ भारतीय झाली ती तंबूंपेक्षा यात्रेतल्या सेवेमुळे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. मेळाव्याच्या मैदानावरील तीन दिवसांची कृत्रिम वसाहत आणि यात्रेतली खरी गर्दी यांतले दुसरे शिक्षणस्थळ या तालुक्याला आयते मिळालेले आहे.

याच हंगामाची एक बाजू मेळाव्यांच्या अहवालांत दिसत नाही. दिवाळीनंतर भाताची मळणी आटोपली की भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांना गावात काम उरत नाही, आणि विशेषतः कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या पट्ट्यांतील वीटभट्ट्यांवर जातात. वीट उन्हात वाळवावी लागते, म्हणून भट्टीचा हंगामही पाऊस संपल्यावरचाच. मालकाकडून आधीच घेतलेली उचल या कामातून फेडायची असल्याने निघण्याची तारीख मजुराच्या हातात नसते, आणि मुले मागे ठेवण्याची सोय नसल्याने तीही बरोबर जातात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसई परिसरात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या; विटा-गवताच्या तात्पुरत्या खोपटाला मजूर भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव आले. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली, जिच्यात आईवडील स्थलांतर करीत असताना मुलांना गावातच ठेवून जेवणाची सोय केली जाते, आणि जाणाऱ्या मुलांच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत सुरू झाली, जेणेकरून नव्या ठिकाणच्या शाळेत त्यांना बसता यावे.

स्काऊटांच्या दृष्टीने याचा परिणाम असा की ज्या आठवड्यांत तंबू, माग आणि विस्तव यांच्या स्पर्धा भरतात, त्याच आठवड्यांत त्या तिन्ही गोष्टींत सर्वांत तरबेज असलेली काही मुले पटावर नाव असूनही तालुक्यात नसतात. पथकातली जागा सरावाला सातत्याने हजर असणाऱ्याला मिळते, सराव दिवाळीनंतर सुरू होतो, आणि म्हणून निवड होण्यापूर्वीच त्यांचा विचार संपलेला असतो. आश्रमशाळांत आणि जेथे हंगामी वसतिगृह चालू आहे अशा गावांत ही गळती कमी असू शकते, कारण तेथे मुले हिवाळाभर राहतात. त्यामुळे पुढच्या काळात या दोन तालुक्यांतील पथके कोठे वाढतील याचा अंदाज घ्यायचा तर मेळाव्याच्या निकालपत्रांपेक्षा वसतिगृहांच्या हजेरीपटाकडे पाहावे लागेल. सराव गणेशोत्सवापूर्वी, पावसाळ्यातच शाळेच्या पडवीत सुरू करणे हा दुसरा मार्ग आहे. गाठी, प्रथमोपचार आणि नकाशा यांपैकी कशालाही कोरडे मैदान लागत नाही, आणि सर्पदंशाचा पाठ तर पावसाळ्यातच द्यायला हवा.